ट्रिपलेटच्या यादीतली दहा मुले

१९८७चा डिसेंबर. सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या यात्रेत कुमार गटाचे कबड्डी सामने भरले होते. अंतिम सामना बरोबरीत होता आणि शेवटची चढाई माझी होती. मैदानाभोवती माणसांची दाटी. काही जण झाडांवर, काही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे. मी मध्यरेषा ओलांडली, चार पावले आत गेलो आणि माझा दम तुटला. मला कोणी धरले नव्हते, कोणाचा स्पर्शही झाला नव्हता. सरावात आख्ख्या संघात सगळ्यात लांब दम माझा चालायचा. पंचांनी हात वर केला, मी बाद झालो आणि त्या एका गुणाने आम्ही हरलो. परतीच्या वाटेवर आमच्या प्रशिक्षकांनी मला एकच विचारले, "मन कुठं होतं रं तुझं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे टपाल खात्यात चिकटलो, कबड्डी सुटली, प्रश्न मात्र सुटला नाही. बऱ्याच वर्षांनी पुण्यात रद्दीच्या एका दुकानात क्रीडा मानसशास्त्राचे एक इंग्रजी पाठ्यपुस्तक हाती लागले. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचले. मग त्यात उल्लेख असलेले जुने लेख मिळतील तसे गोळा करू लागलो. मानसशास्त्राची कोणतीही पदवी माझ्याकडे नाही. या लेखात जे मांडतो आहे ते वीसेक वर्षांच्या अशा वाचनातून हाती आलेले आहे. या शास्त्राचा इतिहास सहसा विजेत्यांच्या अंगाने सांगितला जातो. मी तो दम तुटलेल्यांच्या बाजूने वाचत गेलो आणि मला तो थोडा निराळा दिसला.

पाठ्यपुस्तकांत या शास्त्राची सुरुवात बहुधा १८९८ या सालापासून होते. त्याआधी काहीच घडले नव्हते असे नाही. इटलीत तुरीन येथे आंजेलो मोस्सो या शरीरशास्त्रज्ञाने बोटाचा थकवा मोजणारे यंत्र बनवले होते. १८९१ साली आलेल्या थकव्यावरच्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले, की दिवसभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेणाऱ्या प्राध्यापकाच्या बोटाची ताकदही संध्याकाळी घटलेली असते. बोटाने काहीच काम केलेले नसते, दमलेले असते ते डोके. पण खेळातल्या चुरशीवर मोजमाप घेऊन प्रयोग केला तो अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या नॉर्मन ट्रिपलेटने.

ट्रिपलेटला सायकलींच्या शर्यतींचा नाद होता. १८९७च्या हंगामातले अधिकृत आकडे त्याने तपासले. एकट्याने घड्याळाशी शर्यत लावणारा सायकलस्वार सर्वात मागे पडत होता. पुढे वेग धरून देणारा कोणी असला, की तोच स्वार कितीतरी जलद जात होता. असे का, याच्या अनेक उपपत्ती त्या वेळी प्रचलित होत्या. कोणी म्हणे पुढचा माणूस वारा अडवतो, कोणी म्हणे मागच्याला विचार करावा लागत नाही. शेजारी प्रतिस्पर्धी असणे हीच एक चेतना असते, असे ट्रिपलेटचे म्हणणे होते. ते तपासायला त्याने वारा, रस्ता, चाके हे सगळे बाजूला काढले. मासेमारीच्या गळाला दोरा गुंडाळण्याची फिरकी असते. तशा दोन फिरक्या त्याने एका चौकटीवर बसवल्या. फिरकी फिरवली की दोऱ्याला शिवलेले छोटेसे निशाण पुढे सरके. निशाणाच्या चार फेऱ्या झाल्या की एक डाव संपे. मुले हा खेळ कधी एकट्याने खेळत, तर कधी शेजारच्या मुलाशी शर्यत लावून.

चाळीस मुलांचे निकाल त्याने तीन तक्त्यांत मांडले. वीस मुले शर्यतीत जलद झाली. दहा मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. उरलेली दहा मुले शर्यतीत बिघडली.

पाठ्यपुस्तकात पहिला तक्ता ठळकपणे येतो. चुरशीने माणसाची कामगिरी वाढते, या सुभाषिताला पुरावा म्हणून तो वापरला जातो. मूळ लेख हाती आला तेव्हा मी दुसऱ्या तक्त्यापाशी थांबलो. या दहा मुलांना कमी चेतना मिळाली, असे ट्रिपलेट म्हणत नाही. त्यांना ती अति झाली, असे तो म्हणतो. जिंकण्याची ओढ अनावर झाली की मुलांचे चेहरे लाल होतात, हाताचे स्नायू ताठरतात आणि श्वास जड होतो, अशी नोंद त्याने केली आहे. काही लहानग्यांचा तर हात जवळजवळ जागच्या जागी थिजला. हे वाचताना मला यात्रेतले ते मैदान आठवले. एकोणिसाव्या शतकातल्या, माझ्यापासून हजारो मैल दूरच्या एका मास्तराने माझा तुटलेला दम टिपून ठेवला होता.

ट्रिपलेटचे आकडे फार भक्कम नाहीत, हेही सांगायला हवे. आज वापरतात तशा संख्याशास्त्रीय कसोट्या त्याच्या काळी नव्हत्या. २००५ साली मायकेल स्ट्रूब या संशोधकाने त्या आकड्यांची नव्याने छाननी केली, तेव्हा चुरशीचा परिणाम अगदीच नाममात्र निघाला. म्हणजे ज्या वीस मुलांच्या बळावर हे सुभाषित उभे राहिले, तो आधारच डळमळीत होता. मात्र शर्यतीने सगळ्यांचे सारखे होत नाही, हे तीन तक्त्यांतून उघड दिसत होते.

पुढची काही दशके या शास्त्राने त्या दहा जणांची चौकशी का केली नाही, याचे उत्तर मला कोलमन ग्रिफिथ यांच्या आयुष्यात सापडले. आधुनिक ऑलिम्पिकचे प्रवर्तक पिएर द कुबेर्तँ यांनी १९१३ साली लोझान येथे खेळाच्या मानसशास्त्रावर परिषद भरवली होती. पण परिषद म्हणजे नित्याचे काम नव्हे. अमेरिकेत या विषयाला स्वतःचे छप्पर मिळाले ते १९२५ साली. इलिनॉय विद्यापीठाने खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली आणि तिची सूत्रे ग्रिफिथ यांच्याकडे दिली. त्यांनी १९२६ साली प्रशिक्षणाच्या आणि १९२८ साली खेळाच्या मानसशास्त्रावर पुस्तके लिहिली. मैदानावर येऊन प्रशिक्षकांना उपदेश करावा, अशी त्यांची वृत्ती नव्हती. नामांकित प्रशिक्षकांना जे अनुभवाने कळलेले आहे ते आधी नीट टिपून घ्यावे आणि नवख्यांपर्यंत पोचवावे, हे ते मानसशास्त्रज्ञाचे पहिले काम मानत. नोत्र दामचे विख्यात फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी यांना त्यांनी पत्र लिहून विचारले, की सामन्याआधी तुम्ही खेळाडूंना चेव आणता, हे खरे का? रॉकनींच्या भाषणांच्या दंतकथा देशभर पसरलेल्या होत्या. त्यांचे उत्तर आले, की मी तसे करत नाही. मुलांनी खेळ आनंदाने खेळावा, एवढेच मी पाहतो.

ग्रिफिथ यांनी घेतलेली एक मुलाखत माझ्या दृष्टीने त्यांच्या पुस्तकांहून मोलाची आहे. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी इलिनॉयच्या रेड ग्रेंज या खेळाडूने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार वेळा चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेला. अमेरिकी फुटबॉलमधला तो गाजलेला पराक्रम. धावताना तुम्ही काय पाहत होतात, काय ठरवत होतात, असे ग्रिफिथ यांनी त्याला विचारले. ग्रेंजला त्या धावांचे तपशील सांगता आले नाहीत. त्याला ते आठवतच नव्हते.

हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. "मन कुठं होतं रं तुझं?" हा प्रश्न ग्रेंजला त्याच्या सर्वोत्तम दिवशी विचारला असता, तर त्याचेही उत्तर माझ्यासारखेच आले असते. ठाऊक नाही. मग आमच्या दोघांत फरक काय होता? मन मैदानावर नव्हते म्हणून मी हरलो, असे माझे प्रशिक्षक समजत होते. निदान ग्रेंजच्या बाबतीत तरी याच्या उलट घडलेले दिसते.

त्या प्रश्नाचा माग काढण्याआधीच प्रयोगशाळा बंद पडली. साल १९३२. मंदीचे दिवस, पैशांची चणचण आणि त्यात विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक रॉबर्ट झुप्के यांना प्रयोगशाळेचा काही उपयोग होतो असे वाटेना. सहा वर्षांनी ग्रिफिथ यांना पुन्हा संधी आली, ती मात्र वेगळ्या दारातून. शिकागो कब्ज हा बेसबॉल संघ च्युइंग गमचे कारखानदार फिलिप रिग्ली यांच्या मालकीचा होता. त्यांनी १९३८च्या हंगामासाठी ग्रिफिथ यांना नेमले. व्यावसायिक संघाने मानसशास्त्रज्ञ ठेवण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रसंग.

ग्रिफिथ आणि त्यांचा सहायक कॅमेरे घेऊन कॅटलिना बेटावरच्या सराव शिबिरात पोचले. फेकणाऱ्यांच्या आणि मारणाऱ्यांच्या हालचाली त्यांनी संथ गतीच्या चित्रफितींवर घेतल्या, सरावाच्या वेळांची मोजदाद केली. सरावाचा पुष्कळसा वेळ वाया जातो आणि सराव प्रत्यक्ष सामन्यासारखा होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज तो कोणताही प्रशिक्षक मान्य करील. पण संघाचे व्यवस्थापक चार्ली ग्रिम यांनी त्यांना सुरुवातीपासून विरोध केला. हंगामाच्या मध्यावर ग्रिम गेले, त्यांच्या जागी गॅबी हार्टनेट आले, विरोध कायम राहिला. त्या वर्षी कब्ज आपल्या लीगमध्ये अव्वल ठरले आणि जागतिक मालिकेत न्यू यॉर्क यांकीजकडून चारही सामने हरले. मानसशास्त्रज्ञाची गरज कोणाला पटली नाही. १९४० पर्यंत हे काम आटोपले. ग्रिफिथ यांनी पुढे विद्यापीठातली मोठी प्रशासकीय पदे भूषवली, खेळाच्या विषयाकडे मात्र ते फारसे वळले नाहीत. अमेरिकेतल्या क्रीडा मानसशास्त्राचे जनक ही पदवी त्यांना फार उशिरा चिकटली.

हा प्रसंग सहसा अडाणी व्यवस्थापक आणि काळाच्या पुढचा शास्त्रज्ञ अशा थाटात रंगवला जातो. मला तो तसा वाटत नाही. ग्रिफिथ यांचे अहवाल कोणाकडे जात होते? मालकाकडे. त्यांत काय असे? कोणता खेळाडू कसा आहे, व्यवस्थापक कुठे कमी पडतो, हे. मी तीस वर्षे सरकारी कचेरीत काढली आहेत. वरून पाठवलेला माणूस वही घेऊन टेबलाशेजारी बसला की टेबलामागचा माणूस कसा वागतो, हे मला ठाऊक आहे. रोजीरोटी जाण्याची धास्ती असलेला खेळाडू अशा माणसाला आपला दम कुठे तुटतो ते सांगेल का? ग्रिफिथ प्रामाणिक होते, यात मला शंका नाही. पण ते ज्या खुर्चीवर बसले होते ती मालकाच्या बाजूला मांडलेली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही खुर्ची सरकारांनी ओढून घेतली. सोव्हिएत संघात लेनिनग्राडला अव्क्सेंती पुनी आणि मॉस्कोला प्योत्र रुदिक यांनी या विषयाचे पद्धतशीर अध्यापन आणि संशोधन उभे केले होते. ऑलिम्पिक पदके ही राष्ट्राच्या प्रतिष्ठेची बाब झाल्यावर तिथे या शास्त्राला राजाश्रय मिळाला. १९६५ साली इटालियन मनोविकारतज्ज्ञ फेर्रुच्चो अंतोनेल्ली यांच्या पुढाकाराने रोममध्ये पहिली जागतिक परिषद भरली आणि आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. विषयाला ओळख मिळाली.

अमेरिकेत त्याच सुमारास सॅन होजे इथले ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुटको यांनी १९६६ साली एक पुस्तक काढले. त्याच्या नावाचा मराठी अर्थ होतो, त्रासदायक खेळाडू आणि त्यांना कसे हाताळावे. हे नाव कोणासाठी लिहिले आहे ते वेगळे सांगायला नको. त्यांनी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यातून खेळाडूचे अकरा गुण मोजता येतात, असा दावा होता. जिद्द, निर्धार, आक्रमकता, आत्मविश्वास हे त्यांपैकी काही. प्रशिक्षकाचे किती ऐकतो, हाही एक गुण होता. अनेक संघांनी ती वापरली. पण या गुणांवरून खेळाडूचे यश आधी सांगता येते, हे काही सिद्ध होईना. टीका वाढत गेली. खेळाडूंची कुरकुर आणखी साधी होती. उत्तरे आम्ही लिहायची आणि निकाल प्रशिक्षकाच्या खणात, हे कसे? त्याच ओगिल्वींनी पुढची अनेक वर्षे खेळाडूंना प्रत्यक्ष समुपदेशन करण्यात घालवली आणि त्यासाठी त्यांचे नाव आदराने घेतले जाते, हेही नमूद करायला हवे.

१९७९ साली इलिनॉयच्याच रेनर मार्टेन्स यांनी एक लेख लिहून आपल्याच बांधवांना कोपरखळी मारली. प्रयोगशाळेचे डगले घालून बसलेल्या संशोधकांना मैदानावरच्या माणसांना उपयोगी पडेल असे फार थोडे सापडले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. उत्तरे हवी असतील तर मैदानावर जायला हवे. मार्टेन्स यांनी स्पर्धेची धास्ती मोजण्याच्या चाचण्या बनवल्या होत्या. मनाला लागलेली काळजी आणि पोटात येणारा गोळा या दोन गोष्टी वेगळ्या धरायला त्यांनी शिकवले. इथे, ऐंशी वर्षांनंतर, ट्रिपलेटच्या त्या दहा मुलांचे प्रश्न पुन्हा पटलावर आले.

त्या मुलांना काय झाले असावे? एक उत्तर १९६५ साली रॉबर्ट झायोंक यांनी दिले होते. कोणी पाहत असले की आपण अंगवळणी पडलेली गोष्ट अधिक जोरात करतो. नीट शिकलेले असेल तर ते आणखी चांगले होते, कच्चे असेल तर अधिक बिघडते. पुष्कळ ठिकाणी हे उत्तर लागू पडते. मला पडले नाही, कारण दम ही माझी कच्ची बाजू नव्हती. दुसरे उत्तर १९८४ साली रॉय बाउमाइस्टर यांनी दिले. दडपण आले की माणूस स्वतःकडे लक्ष देऊ लागतो. जी हालचाल शरीर न विचारता करत होते, तिच्यावर मन देखरेख ठेवू लागते आणि तिथेच ती अडखळते. जिना उतरताना एकेका पायरीवर पाऊल कसे टाकतो याचा विचार करून पाहावा, म्हणजे ध्यानात येईल. ग्रेंजला काही आठवत नव्हते, कारण देखरेखीला कोणी उभेच नव्हते. १९८७च्या त्या संध्याकाळी माझे मन गैरहजर नव्हते. ते मैदानात उतरले होते आणि माझा श्वास मोजत होते.

आपल्याकडे ही गोष्ट अगदी अपरिचित होती असे नाही. नाशिकचे भीष्मराज बाम हे भारतीय पोलिस सेवेतले निवृत्त अधिकारी. या विषयात त्यांनी स्वतःच्या बळावर वाट काढली. राहुल द्रविड, अंजली भागवत अशा खेळाडूंना त्यांनी मार्गदर्शन केले, इंग्रजीत आणि मराठीत पुस्तके लिहिली. त्यांच्या मांडणीचा पाया पातंजल योगसूत्रांचा होता. लक्ष फळावरून काढून आत्ताच्या कृतीवर कसे आणायचे, श्वासाच्या मदतीने मन कसे स्थिर करायचे, हे ते साध्या शब्दांत सांगत. २०१७ साली ते गेले. त्यांना मी कधी भेटलो नाही. भेटायला हवे होते, ही चुटपुट आहे. विद्यापीठाबाहेरचा माणूसही या विषयात काही करू शकतो, हा धीर मला त्यांच्या उदाहरणाने दिला. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा संघासोबत पॅडी अप्टन हे मानसिक तयारीचे प्रशिक्षक होते. त्या सुमारास आपल्या वृत्तपत्रांतूनही हा विषय बोलला जाऊ लागला.

तरीही खुर्ची कोणत्या बाजूला मांडायची, हा प्रश्न मिटलेला नाही. २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवणाऱ्या अभिनव बिंद्राने सांगितले आहे, की सर्वात मोठे मानसिक संकट आपल्यावर हरल्यावर आले नाही, जिंकल्यावर आले. खेळाडू जिंकला की ज्यांचे काम संपते, त्यांना हे संकट दिसणारच नाही. २७ जुलै २०२१ रोजी टोकियोत सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीत एका उडीनंतर बाहेर पडली. हवेत असताना आपले शरीर कुठे आहे हेच तिला कळेनासे झाले होते. कबड्डीत दम तुटला तर गुण जातो, तिच्या खेळात मान मोडू शकते. पळपुटी म्हणणारे पुष्कळ निघाले. पण थांबायचे की नाही ते तिने स्वतः ठरवले आणि तिच्या संघाने ते मानले. काही दिवसांनी तिने तिथेच बॅलन्स बीमवर कांस्यपदक मिळवले, तर २०२४ साली पॅरिसला तीन सुवर्णपदके. पदके मिळाली म्हणून तिचा निर्णय बरोबर ठरला, असे मी म्हणणार नाही. ती मिळाली नसती तरी तो बरोबरच होता.

सेवानिवृत्ती मी मुदतीआधीच घेतली. आता संध्याकाळी गावच्या मैदानावर मुलांचा सराव पाहायला जातो. मी प्रशिक्षक नाही, पाणी देणे आणि गुण लिहिणे ही माझी कामे. गेल्या वर्षी तालुक्याच्या सामन्यात आमच्या एका मुलाचा दम असाच, कोणी हात लावला नसताना तुटला. पोरगा मैदानाच्या कडेला गुडघ्यांत डोके घालून बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. मन कुठं होतं, असे मी त्याला विचारले नाही. आत काय झाले, एवढे विचारले आणि ते कोणाला सांगणार नाही असेही म्हणालो.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काका, कबड्डी कबड्डी म्हणताना माझाच आवाज मला ऐकू यायला लागला."

त्या दिवशी मलाही तो ऐकू आला होता. हे आठवायला मला अडतीस वर्षे लागली.